शेतकरी घटले, गाव वाढले

दोन गावांचा हिशेब पुढे मांडतो. वाचणाऱ्यांनी सावकाश वाचावा, ऐकणाऱ्यांनी आकडे बोटांवर धरावेत.

पहिले गाव मादेर. लोकसंख्या ५३४. त्यात कामकरी माणसे २७९, आणि त्या २७९ पैकी शेतीत राबणारी २०८. शेतीची खाती ९२. सरासरी एका खात्याला ५ हेक्टर, म्हणजे साडेबारा एकर. सगळ्या गावात ट्रॅक्टर दोन. बाकी सारी मशागत बैलांच्या नाही तर गायींच्या जोडीवर. गव्हाचा उतारा हेक्टरी १२ क्विंटल, म्हणजे एकरी पाचाच्या आत. घरखर्चाच्या रुपयातले बारा आणे पोटापाण्यावर जातात. गावात मोटारगाड्या पाच आणि टेलिफोन पाच.

दुसरे गाव सेसाक. लोकसंख्या ६७०. कामकरी माणसे २१५, पण शेतीत फक्त ५३. खाती ३९, सरासरी १३ हेक्टर, म्हणजे बत्तीस एकर. ट्रॅक्टर ४०, कामाचा बैल एकही नाही. गहू हेक्टरी ३५ क्विंटल, म्हणजे एकरी चौदा. मोटारगाड्या २८० आणि टेलिफोन ११०.

कोणीही म्हणेल, पहिले गाव एखाद्या दरिद्री देशातले, दुसरे श्रीमंत देशातले. प्रत्यक्षात ही दोन गावे नाहीतच. हे एकच गाव आहे. त्याचे खरे नाव दुएल. फ्रान्सच्या नैर्ऋत्येला लोत नदीच्या काठी, काओर शहराजवळ ते आहे. पहिला हिशेब १९४६ सालचा, दुसरा १९७५ सालचा. मध्ये गेली उणीपुरी २९ वर्षे. जाँ फुरास्तिए नावाच्या फ्रेंच अर्थशास्त्रज्ञाचे या गावाशी घरचे नाते होते. १९७९ साली त्याने लिहिलेल्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच हा हिशेब मांडला आहे. मादेर आणि सेसाक ही त्यानेच दिलेली नावे. युद्धानंतरच्या या तीस वर्षांना त्याने ‘वैभवाची तीस वर्षे’ म्हटले आणि फ्रान्समध्ये तेच नाव रूढ झाले.

फ्रान्समधले साडेसहाशे वस्तीचे एक गाव. त्याचे आपल्या कापूस-ज्वारीवाल्यांना काय? तर या हिशेबात एक आकडा असा आहे की तो आपल्या डोळ्यांसमोरच्या चित्राशी जुळत नाही. एकोणतीस वर्षांत शेतीतली माणसे २०८ वरून ५३ झाली. चारातली तीन गेली. आपल्याकडे एवढी माणसे शेतीतून उठली तर काय होईल? गावात पडक्या भिंती, कुलूप लावलेली घरे आणि उंबऱ्यावर बसलेली म्हातारी माणसे राहतील. दुएलमध्ये मात्र याच काळात लोकसंख्या ५३४ वरून ६७० झाली. घरे वाढली, शाळेतली मुले शाळेत राहिली. शेतकरी घटले आणि गाव वाढले. हे कसे झाले, ते समजून घेणे हा आपल्या कामाचा विषय आहे.

आधीची शंभर वर्षे

फ्रान्सचे शेतकरी मुळातच हुशार आणि उद्योगी, म्हणून ते तरले, असे म्हणणारे विद्वान आपल्याकडे पुष्कळ भेटतील. त्यांनी १९४६ च्या मागची शंभर वर्षे पाहावीत. माणसे तीच, जमीन तीच, नदीही तीच.

फ्रान्समध्ये १८०१ पासून शिरगणती होते. दुएल ज्या लोत जिल्ह्यात आहे, त्या जिल्ह्याची लोकसंख्या १८५१ साली सुमारे २ लाख ९६ हजार होती. १९०१ साली ती सव्वादोन लाखांवर आली. १९४६ साली उरली सुमारे १ लाख ५५ हजार. पंचाण्णव वर्षांत जवळजवळ निम्मा जिल्हा रिकामा झाला. या काळात तिथे दुष्काळाने माणसे पटापट मेली नव्हती. माणसे हळूहळू उठून गेली.

का गेली? दुएल हे नदीवरचे बंदर होते. काओरच्या काळ्या द्राक्षांची दारू सपाट तळाच्या होड्यांतून नदीने खाली बोर्दो शहराकडे जायची. होडीवाले, पिंपे करणारे सुतार, हमाल, सगळ्यांची चूल त्यावर पेटायची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आगगाडी आली आणि होड्यांचा धंदा बसला. त्यातच १८७० च्या दशकात फायलोक्सेरा येऊन पोचली. ही अमेरिकेतून आलेली, द्राक्षाच्या मुळांतला रस शोषणारी बारीक कीड. हिच्यावर फवारणी चालत नाही, कारण ती जमिनीखाली असते. वेल काही वर्षांत वाळून जातो. उपाय सापडला तो अमेरिकन द्राक्षाच्या खुंटावर देशी वाणाचे कलम करण्याचा. पण सगळी बाग उपटायची, नवा खुंट विकत घ्यायचा, कलम करायचे आणि तीन-चार वर्षे उत्पन्नाची वाट पाहायची, एवढी ताकद ज्याच्याकडे होती त्याचीच बाग परत उभी राहिली. बाकीच्यांच्या उतारांवर झुडपे माजली.

तिसरे कारण वाटण्यांचे. नेपोलियनच्या कायद्याने सगळ्या मुलांना बापाच्या मालमत्तेत हिस्सा मिळाला. तुकडे होऊ नयेत म्हणून या भागातल्या शेतकऱ्यांनी एकाच अपत्यावर थांबायची रीत धरली. मग १९१४ ते १९१८ चे महायुद्ध आले आणि एकुलत्या एका पोरांना घेऊन गेले. फ्रान्सच्या जवळजवळ प्रत्येक खेड्यात मेलेल्यांची नावे कोरलेला दगड उभा आहे. कित्येक खेड्यांत तो दगड पाहिला की पुढे शेते पडीक का पडली ते वेगळे विचारावे लागत नाही.

थोडक्यात, या शंभर वर्षांत जे गेले ते बुडून गेले. विकायला माल नाही, मालाला भाव नाही, घेणेकऱ्याला द्यायला पैसा नाही, म्हणून गेले. आणि शेतकरी बुडाला की त्याच्यामागे होडीवाला, सुतार, लोहार, शिंपी आणि दुकानदारही जातो. गिऱ्हाईकच उरत नाही. म्हणून त्या काळात शेतकरीही घटले आणि गावेही घटली.

मग तीस वर्षांत काय बदलले?

कृषी पदवीधराला विचाराल तर तो आधी वाण, खत आणि ट्रॅक्टर सांगेल. मीही त्याच शाळेत शिकलो आहे. ते खोटे नाही. एकरी पाच क्विंटलचा गहू चौदा क्विंटलवर गेला तो खत-बियाण्याशिवाय गेला नाही. एका माणसाचे तासाभराचे काम, मालाच्या मापात मोजले तर, दुएलमध्ये सुमारे बारा पट फळाला आले. पण ट्रॅक्टर हा शेतकऱ्याने विकत घ्यायचा असतो. दोनाचे चाळीस ट्रॅक्टर झाले, म्हणजे चाळीस ट्रॅक्टरांची किंमत फेडण्याइतका पैसा शेतात उरू लागला. तो कोठून उरला, हे विज्ञानाच्या पुस्तकात लिहिलेले नसते.

पहिली गोष्ट, भाव. तोही सरकारने आपल्या मनाने दिला नाही. १९६१ च्या जूनमध्ये फ्रान्सच्या पश्चिम टोकाला ब्रिटनी प्रांतात बटाट्याचे भाव कोसळले. ८ जूनच्या पहाटे तिथले तरुण शेतकरी ट्रॅक्टर घेऊन मोर्ले गावात शिरले आणि सरकारी कचेरीच त्यांनी ताब्यात घेतली. त्यांचा पुढारी आलेक्सी गुरवेनेक तेव्हा पंचविशीतला होता. त्याला अटक झाली, त्याच्यावर खटला झाला आणि दोन आठवड्यांत न्यायालयाने त्याला सोडून दिले. आंदोलन इतर प्रांतांत पसरले. त्याच वर्षी एद्गार पिसानी शेतीमंत्री झाले आणि १९६२ साली शेतीचा पूरक कायदा आला. युरोपातल्या सहा देशांचे सामाईक शेती धोरणही १९६२ पासूनचे. १९६७ पासून या देशांत धान्याला एकच आधारभाव लागू झाला आणि तो जगाच्या बाजारभावापेक्षा वर ठेवला गेला. परदेशाचा स्वस्त गहू बंदरावर आला तर त्यावर कर बसायचा आणि शेतकऱ्याचा भाव शाबूत राहायचा.

दुसरी गोष्ट, जमीन. १९६० च्या कायद्याने ‘साफेर’ नावाच्या प्रादेशिक संस्था निघाल्या. विकायला निघालेली शेतजमीन पहिल्यांदा विकत घेण्याचा हक्क त्यांना १९६२ साली मिळाला. संस्था जमीन घेणार आणि ती शेजारच्या लहान शेतकऱ्याला किंवा नव्याने शेती करू पाहणाऱ्या तरुणाला देणार. शहरातल्या पैसेवाल्याच्या हाती सगळा शिवार जाऊ नये, हा त्यामागचा विचार.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि आपल्याकडे सगळ्यात कमी बोलली जाणारी. त्याच १९६२ च्या कायद्याने म्हाताऱ्या शेतकऱ्यासाठी एक पेन्शन सुरू केली. अट एवढीच की त्याने शेती सोडायची आणि जमीन करणाऱ्याच्या हाती द्यायची. जमीन सोडली की मरेपर्यंत वर्षाकाठी ठरलेली रक्कम मिळणार. साठी-पासष्टीचा माणूस जमीन सोडत नाही तो लोभापायी सोडत नाही असे नाही. जमीन सोडली तर उद्या खाणार काय, ही त्याची भीती असते. ती भीती गेली तशी जमीन मोकळी झाली. ९२ खात्यांची ३९ खाती झाली आणि ५ हेक्टरचे १३ हेक्टर झाले. ही बेरीज कोणाची जमीन हिसकावून करावी लागली नाही.

चौथी गोष्ट, बाहेर काम होते. याच तीस वर्षांत फ्रान्सचे कारखाने, कचेऱ्या, रेल्वे, दवाखाने माणसे मागत होते. दुएलमध्ये दुकान, कचेरी, शाळा, वाहतूक अशा सेवांत काम करणारी माणसे ३२ होती, ती १०२ झाली. शेतीबाहेरचे कामगार १२ होते, ते ३५ झाले. काओर शहर जवळ. माणूस गावातल्या घरात राहून शहरात कामाला जाऊ लागला. त्या २८० मोटारगाड्या काही चैनीच्या नव्हत्या. सकाळी कामाला नेणाऱ्या आणि संध्याकाळी पगार घेऊन गावात परत आणणाऱ्या त्या गाड्या होत्या.

आणखी एक आकडा पाहा. १९४६ साली ५३४ पैकी २७९ जण राबत होते. १९७५ साली ६७० पैकी फक्त २१५. राबणारे हात कमी झाले आणि बसून खाणारी तोंडे वाढली, तरी गाव श्रीमंत झाले. कारण म्हाताऱ्याला पेन्शन होती, सोळा वर्षांपर्यंतचे पोर कायद्याने शाळेत होते आणि जे शेतात होते त्यांच्या घामाला मोल होते.

दुएलच्या द्राक्षांचेही तेच झाले. १९४७ साली शेजारच्या पार्नाक गावात शेतकऱ्यांनी सहकारी दारूघर काढले. १९५६ च्या फेब्रुवारीत असा कडाका पडला की काओर भागातल्या बागाच्या बागा जळाल्या. फायलोक्सेराच्या वेळी अशाच घावाने माणसे परागंदा झाली होती. या वेळी दारूघर होते, कर्ज होते, भाव होता. लोकांनी परत लावण केली, आणि १९७१ साली काओरच्या दारूला गावाच्या नावाने विकण्याचा कायदेशीर हक्क मिळाला. संकट दोन्ही वेळचे सारखेच होते. माणसाच्या हातात काय होते ते मात्र सारखे नव्हते.

त्या चित्राची दुसरी बाजू

दुएलचे चित्र दाखवून ‘शेतकरी कमी झाले की देश सुधारतो’ असे सांगणारेही येतील. त्यांनाही उत्तर द्यायला हवे.

पहिले म्हणजे, सगळ्या गावांचे दुएल झाले नाही. शहराजवळचे, नदीकाठचे, सडकेवरचे गाव वाढले. त्याच लोत जिल्ह्यात वरच्या खडकाळ पठारावरची, मेंढ्यांवर जगणारी कितीतरी गावे ओसच होत गेली. नोकरी रोज जाऊन येण्याच्या अंतरावर नव्हती, म्हणून माणसाला घर सोडावे लागले.

दुसरे म्हणजे, ती घसरण ५३ वर थांबली नाही. १९५५ साली सगळ्या फ्रान्समध्ये सुमारे २३ लाख शेतीची खाती होती. २०२० च्या कृषिगणनेत ती ४ लाखांच्या खाली आली. त्या गणनेत शंभरातले ४३ खातेप्रमुख ५५ वर्षांच्या पुढचे होते. १९९२ साली युरोपने आधारभाव खाली आणले आणि त्या बदल्यात हेक्टरी अनुदान देऊ केले. शेतकऱ्याचे उत्पन्न बाजारातल्या पट्टीवरून सरकारी कागदावर गेले. ज्याचे हेक्टर जास्त त्याचा धनादेश मोठा. धनादेश आला की त्याच्यामागे अर्ज, नकाशा, तपासणी आणि दंड आलाच.

त्याचा राग कसा निघाला ते अलीकडचे आहे. २०२३ च्या शरदात दक्षिणेतल्या तार्न जिल्ह्यातल्या तरुण शेतकऱ्यांनी गावांच्या वेशीवरच्या नावाच्या पाट्या काढून उलट्या लावल्या. म्हणणे असे की सारा कारभारच डोक्यावर उभा आहे. पाट्या देशभर उलट्या झाल्या आणि २०२४ च्या जानेवारीत ट्रॅक्टरांनी हमरस्ते अडवले. पंचाहत्तर वर्षांपूर्वी गावात बहुसंख्य असलेला शेतकरी आता स्वतःच्याच गावात चार-दोन घरांचा धनी झाला आहे. गाव भरलेले आहे, पण ग्रामसभेत त्याचे मत पाडायला आता कोणाला कष्ट पडत नाहीत. हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

आपला हिशेब

आता आपल्या शिवारात या. महाराष्ट्रात १९७०-७१ च्या कृषिगणनेत सरासरी खाते ४.२८ हेक्टर होते, म्हणजे साधारण साडेदहा एकर. २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टर झाले, म्हणजे सव्वातीन एकर. दुएलमध्ये ५ चे १३ झाले. आपल्याकडे सव्वाचाराचे सव्वा झाले. आणि हे कोरडवाहू शेत आहे. त्यावर पाऊस पडला तर कापूस, नाही तर पऱ्हाटी.

शेतकऱ्याची पोरे बाहेर पडत नाहीत असे कोठे आहे? पडतात. बांधकामावर, रखवालीला, ड्रायव्हर म्हणून, मॉलमध्ये माल मांडायला जातात. पण बाहेर पडलेले पोर जमिनीवरचे नाव सोडत नाही, आणि त्याने सोडावे असे म्हणायची आपलीही हिंमत नाही. कारण त्याची नोकरी उद्या सकाळी जाऊ शकते. त्याच्या बापाला पेन्शन नाही, आईच्या दुखण्याला विमा नाही. सातबाऱ्यावरचे पाऊण एकर हीच त्याची पेन्शन, तोच त्याचा प्रॉव्हिडंट फंड. म्हणून आपल्याकडे माणसे शेतीतून उठतात पण जमीन मोकळी होत नाही. जो मागे राहतो त्याच्या वाट्याला भावांचे तुकडे बटईने येतात, कर्ज मात्र त्याच्या एकट्याच्या नावावर चढते.

‘शेतीवरचा बोजा कमी करा’ असे सांगणारे साहेब, पुढारी आणि प्राध्यापक दर पाच वर्षांनी येतात. बोजा हा शब्दच बघा. जणू शेतकरी म्हणजे शेतीवर बसलेले ओझे! त्यांना आपण दुएलचा हिशेब दाखवावा आणि विचारावे: शेती सोडणाऱ्याच्या हातात तुम्ही काय देणार? भाव दिलात का, की तो बाहेर पडताना कर्ज फेडून, पोर शिकवून बाहेर पडेल? म्हाताऱ्याला पेन्शन दिलीत का, की तो जमीन धाकट्याच्या हाती सोडेल? तालुक्याला काम आणलेत का, की तो रात्री घरी भाकर खायला येईल? हे तिन्ही दिल्यावर कोण शेतीत राहील आणि कोण उठेल ते शेतकरी स्वतः ठरवील. त्याला कोणी उपदेश करायची गरज नाही. यातले काहीच न देता शेतकरी कमी करायचे, तर तो मार्ग १८५१ ते १९४६ चा. त्या वाटेने अर्धा जिल्हा रिकामा होतो.

शेतकऱ्यांची संख्या घटणे हे आपोआप सुधारणेचेही लक्षण नाही आणि आपोआप सर्वनाशाचेही नाही. माणूस उठून जातो तेव्हा तो पुढे चालला आहे की मागून ढकलला गेला आहे, ते त्याच्या हातातल्या गाठोड्यावरून कळते.

म्हणून जिल्हा मेळाव्याला येताना प्रत्येक गावशाखेने एक काम करून यावे. फुरास्तिएने केला तसा आपल्या गावाचा एका पानाचा हिशेब करावा. तीस वर्षांपूर्वी आणि आज. गावाची वस्ती किती, चुली किती. शेतीवर जगणारी घरे किती, बाहेर कामाला जाणारी माणसे किती, त्यातली रोज परत येणारी किती आणि दिवाळीलाच येणारी किती. सरासरी खाते किती एकराचे. बैलजोड्या किती, ट्रॅक्टर किती, आणि त्या ट्रॅक्टरांतले फेडलेले किती. शाळेत मुले किती. बंद घरे किती. एका क्विंटल कापसात तेव्हा काय काय येत होते आणि आज काय येते, तेही लिहावे. हे काम मायबहिणींना बरोबर घेऊन करावे. कोणत्या घरातले कोण कोठे गेले आणि कशापायी गेले, ते त्यांना तलाठ्यापेक्षा जास्त ठाऊक असते.

सरकार मोजील म्हणून वाट पाहू नये. २०२१ ची शिरगणती ठरल्या साली झालीच नाही. आपले गाव आपण मोजावे. दहा गावांचे दहा कागद मेळाव्यात एकाखाली एक लावले की भाव, पेन्शन आणि काम या तीन मागण्या कशासाठी करायच्या, त्यासाठी वेगळे भाषण लागणार नाही.